गुरुवारचं यीस्ट

आमच्या लॅबमध्ये तीन गोष्टी आपोआप साठतात: फुटके बीकर, रिकामी खोकी आणि किस्से. पहिल्या दोन राइट-ऑफ करायला दरवर्षी कमिटी बसते, बिस्किटं खाते आणि सही करून उठते. किश्शांना मात्र कोणी हात लावत नाही, कारण बहुतेक किश्शांत कमिटीच असते!

मी इथला लॅब अटेंडंट. सगळे मामा म्हणतात. रिटायर झालो, पण कॉलेजला माझ्याशिवाय करमेना, म्हणून दरवर्षी अकरा महिन्यांचं काँट्रॅक्ट मिळतं. शिक्षण विचाराल तर नववीला दोनदा बसलो. नऊ दुणे अठरा. म्हणजे पीएचडीवाल्यांच्या जवळपासच!

*

सुवर्णा पीएचडीला आली तो पहिला दिवस. मनमाडची पोरगी, डोळ्यात हुशारी. मी विचारलं, "नक्की करणार काय तू?"

"मामा, यीस्टची पेशी साखर खाते. त्या साखरेचं आत काय काय होतं, ते गणितात मांडायचं. जिथं गणित अडेल, तिथं कॉम्प्युटरने जुने आकडे बघून शिकायचं. असं मॉडेल जमलं की यीस्ट किती वाढणार ते आधीच सांगता येतं."

"पण पेशीच्या मनात काय आहे, ते गणिताला कसं कळणार?"

"आपण धरून चालायचं की पेशीला एकच हौस. खायचं आणि वाढायचं."

"मग यीस्ट कशाला? आपल्या सरांनाच घे की!"

तिचा चेहरा बघूनच कळलं, सर माझ्या मागे उभे आहेत. सरांनी पोट आत घेतलं आणि म्हणाले, "मामा, एवढा डेटा तिच्या कॉम्प्युटरला झेपायचा नाही."

सर म्हणजे तिचे गाईड, तसे दिलदार. स्वतःवरचा विनोद सहन करतात. स्वतःच्या मॉडेलवरचा नाही!

*

एकदा मी गंमत म्हणून तिच्या कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली. त्याच दिवशी मॉडेलचा अंदाज सुधारला! दुसऱ्या दिवशी तिने हसत हसत ती काढली, तर अंदाज पुन्हा घसरला.

हे सरांच्या कानावर गेलं. तडक आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हे सायन्स आहे. असल्या गोष्टींना इथं थारा नाही."

मी मान खाली घातली. सर दारापर्यंत गेले, थांबले, आणि हळूच म्हणाले, "पण सबमिशनपर्यंत राहू द्या."

*

सहा वर्षं झाली, तरी मॉडेल जुळेना. शेवटची मुदतवाढ दिवाळीला संपत होती. तोवर थिसिस गेला नाही तर नाव रद्द, सहा वर्षं पाण्यात. तिचे वडील मनमाडला रेल्वेत. एकदा भेटायला आले आणि मला बाजूला घेतलं.

"मामा, पोरगी करती तरी काय?"

"यीस्ट किती वाढलं ते मोजते आणि कॉम्प्युटरला सांगते. मग कॉम्प्युटर तिला सांगतो, यीस्ट किती वाढलं."

ते विचारात पडले. "म्हंजी हिनं सांगितलेलंच त्यो परत सांगतो?"

"नाय ना! चुकीचं सांगतो. म्हणून तर सहा वर्षं लागली!"

"आमच्याकडं गाडी पाच मिनिटं लेट झाली तरी कारण लिहून द्यावं लागतं. हितं सहा वर्षं लेट हाय, आन् कारण कुणालाच म्हाईत नाय!"

मी खो-खो हसलो. ते हसले नाहीत.

*

शेवटी सुवर्णाने कॉम्प्युटरला होतं नव्हतं ते सगळं दिलं. साखर किती, बाटली कुठली, तारीख कोणती, वार कोणता. म्हणाली, "आता तूच सांग बाबा, घोळ कुठं आहे."

कॉम्प्युटर म्हणाला: गुरुवार! बाकीचे दिवस मॉडेल बरोबर. गुरुवारी सकाळी मात्र यीस्ट अंदाजापेक्षा कमी भरायचं.

सर खुर्चीतून उठलेच. "यीस्टला आठवड्याची लय आहे! जगात कोणी पाहिलेलं नाही हे!"

"सर, गुरुवारी त्याचा उपवास असेल," मी म्हणालो. सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो.

सरांनी फर्मान काढलं: आता वर्षभर नुसते गुरुवार मोजायचे. कारण सापडल्याशिवाय थिसिसवर सही नाही!

"सर, माझी मुदत दिवाळीला संपते."

"शोधाला मुदत नसते, सुवर्णा!"

खरंय. मुदत फक्त विद्यार्थ्याला असते.

*

आता, ते कारण अख्ख्या इमारतीत एकाच माणसाला माहीत होतं.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये निम्म्या लोकांचा गुरुवारचा उपवास. दुपारी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि माझं दही. दही म्हणजे सुरीने कापावं असं! सर तीन वाट्या खायचे, आणि त्यांना तर उपवासही नसायचा. विचारायचे, "मामा, कुठून आणता हो?"

"घरचंच आहे, सर."

घर म्हणजे सुवर्णाचा इन्क्युबेटर, यीस्ट वाढवायचं उबदार कपाट! बुधवारी संध्याकाळी सगळे गेले की तिच्या बाटल्या मागे सरकवायच्या, विरजण लावलेलं पातेलं पुढे ठेवायचं आणि तीस डिग्रीचं बटण बेचाळीसवर. दह्याला ऊब लागते ना! यीस्टला तेवढी सोसत नाही, हे मला तेव्हा कुठं ठाऊक! सकाळी लोक यायच्या आत पातेलं बाहेर, बटण परत तीसवर.

सांगावं तर काँट्रॅक्ट जातं. न सांगावं तर पोरीची सहा वर्षं जातात. दोन दिवस मी कुणाची चेष्टा केली नाही, तर सर म्हणाले, "मामांना डॉक्टरकडे न्या रे!"

बुधवारी संध्याकाळी सुवर्णाला थांबवलं. तिच्यासमोर पातेलं आत ठेवलं आणि बटण फिरवलं.

ती बघतच राहिली. "मामा... दर बुधवारी?"

"गणपतीची सुट्टी सोडून."

गणपतीतही ती एकटी येऊन मोजायची. धावत कॉम्प्युटरकडे गेली आणि ते गुरुवार काढले. सगळे बिनचूक! मग उरलेल्या गुरुवारांना तीसच्या जागी बेचाळीस घातलं. गणिताची रेघ आणि खरी रेघ, दोन्ही एकमेकींवर जाऊन बसल्या. मॉडेल सहा वर्षं बरोबरच होतं. चूक मी होतो!

"मामा, तुमच्या पाया पडू की पोलिसांत देऊ?"

"सकाळपर्यंत थांब. दही लागू दे."

तिने सरांना एवढंच सांगितलं की बुधवारी इन्क्युबेटरचं तापमान वर जात होतं. कुणामुळे, ते नाही. सरांची लय गेली. दोन दिवस सुतकात असल्यासारखे बसले. तिसऱ्या दिवशी सही केली.

*

व्हायवा नेमका गुरुवारी आला. बाहेरगावचे परीक्षक कडक. तिचे वडील पहिल्या रांगेत, रेल्वेचा युनिफॉर्म इस्त्री करून. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभा.

परीक्षकांनी पानं उलटली आणि नको तिथंच थांबले. "हे तापमान दर आठवड्याला वर का जायचं? सोर्स काय होता?"

मी ट्रे घेऊन एक पाऊल दाराबाहेर सरकलो.

सुवर्णा शांतपणे म्हणाली, "लोकल सोर्स होता, सर. आता काढून टाकला आहे."

परीक्षकांनी मान डोलावली. सर पंख्याकडे बघत होते. तासाभराने जाहीर झालं: डॉक्टर सुवर्णा! वडिलांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आली बाबा गाडी!"

मग जेवणं. परीक्षकांनाही उपवास होता. भगरीवर दही घेतलं, एक घास खाल्ला आणि थांबले.

"वा! असं दही लहानपणी खाल्लं होतं. कुठून आणलंत हो?"

माझा दह्याचा डाव हवेतच राहिला. सुवर्णाने माझ्याकडे पाहिलं, मग हळूच इन्क्युबेटरच्या खोलीकडे.

सरांनी आपली तिसरी वाटी माझ्यापुढे केली आणि मान वर न करता म्हणाले,

"लोकल सोर्स."