कोरडी टाकी

आमच्या मिस्त्रींच्या हाताला गुण होता. फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, लहान जनरेटर, काहीही आणा; ते आधी कान लावून ऐकत आणि मगच हात घालत. दुकान घराच्या मागच्या खोलीत. तिथं जायचं तर दादाच्या खोलीतून, त्याच्या पलंगाला वळसा घालून.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. कमरेखाली निर्जीव. दर तीन तासांनी त्याला कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. एकट्या वहिनीला तो आवरत नसे. त्यामुळे गेली अकरा वर्षं मिस्त्री तीन तासांपलीकडे कुठे गेलेच नव्हते. कुणी लग्नाचं विचारलं की म्हणत, "तीन तासांत उरकणारं असेल तर बघा."

दादा झाडं तोडायचा. वडिलांच्या वेळचा, धोंड्यासारखा जड चेनसॉ वापरायचा. अपघाताच्या दिवशी सकाळी त्याचा कार्बोरेटर मिस्त्रींनीच साफ करून दिला होता. दुपारी झाड निम्मं चिरलेलं असताना मशीन बंद पडलं, पातं फटीत अडकलं. दादा ते ओढत राहिला आणि झाड भलत्याच अंगाला कललं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो एवढंच बोलला, "मशीन बंद पडलं रे, छोट्या."

मिस्त्रींना तेव्हा बंदरावरच्या कारखान्यात नोकरी लागली होती, बॅग भरून तयार होती. ती त्यांनी त्याच संध्याकाळी रिकामी केली. थांब असं कुणी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

यंदा जुनी यंत्रं जमवणारा एक गृहस्थ त्या चेनसॉची चौकशी करत दुकानात आला. चालू करून दिलात तर असलं मशीन मी जिवापाड जपेन, म्हणाला. वहिनीने मशीन बांधून ठेवलेलं पलंगाखालचं पोतं ओढून बाहेर काढलं.

"त्याला हात लावायचा नाही!" दादा ओरडला.

"अकरा वर्षं त्याच्या अवतीभवती केर काढतेय मी," वहिनी म्हणाली. "आता पुरे."

दोन दिवस मिस्त्रींनी पोत्याची गाठ सोडली नाही. आपली चूक आपल्याच हाताने उघडायची होती. तिसऱ्या दिवशी बसले. दोरी ओढून पाहिली, हलेना. पिस्टन आत जाम झाला होता. मग त्यांनी श्वास रोखून कार्बोरेटर उतरवला. बसवलेल्या स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका द्यायची त्यांची सवय. ठिपके जिथल्या तिथे. आतलं पितळ लख्ख.

म्हणजे खोट तिथे नव्हती. मग टाकीचं झाकण काढून आत बोट फिरवलं. असल्या इंजिनाच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, आणि पेट्रोल उडून गेलं तरी ते तेल तळाला चिकटून राहतं. इथे नुसती पिवळट, वाळकी साय. ओशटपणाचं नाव नाही. सिलिंडर खोलला तर पिस्टनवर वरपासून खालपर्यंत ओरखडे. नुसत्या पेट्रोलवर चालवलं की हेच होतं.

पिस्टन हातात घेऊन ते पलंगापाशी गेले.

"दादा, त्या दिवशी तेल मिसळलं होतंस?"

दादाने भिंतीकडे मान फिरवली. "डबा घरी राहिला होता. म्हटलं, एकच तर झाड आहे."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"मशीन किंचाळायला लागलं तेव्हाच कळलं."

"अकरा वर्षं, दादा!"

"सांगितलं असतं तर तू गेला असतास."

दारात उभ्या असलेल्या वहिनीच्या हातातलं भांडं खाली पडलं. तिलाही हे आजच कळत होतं. "भाऊजी, तुम्ही जा," ती म्हणाली. "आजच जा."

मिस्त्रींनी खरंच बंदरावरच्या कारखान्यात फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात वय विचारलं. बावन्न, ते म्हणाले. "आम्ही पंचेचाळिशीपर्यंतच घेतो, काका."

महिनाभर ते दादाशी बोलले नाहीत. मात्र त्याला वळवत होते, पुसत होते, भरवत होते. अबोला धरला तरी हात धरून ठेवता येत नाहीत. राहिलेल्या वेळात मशीन. सिलिंडर घासून गुळगुळीत केला, एका भंगार मशीनचा पिस्टन बसवला, कडक झालेली रबरी नळी बदलली, साखळीच्या एकेका दाताला कानस लावली. तेल स्वतः मोजून मिसळलं. सातव्या ओढीला मशीन धडधडून सुरू झालं आणि शेजारच्या खोलीत दादा हमसून रडू लागला. मिस्त्रींनी ते बंद केलं नाही. गृहस्थ येऊन घेऊन गेला.

वहिनीने मधल्या काळात एका नर्सबाईंकडून चादर अंगाखाली घालून एकटीने वळवायची युक्ती शिकून घेतली. चार दिवस करून दाखवली. "आता सकाळी जा, रात्री या," तिने बजावलं.

पहिल्या रविवारी मिस्त्री धुतलेला शर्ट घालून निघाले. नदीपर्यंत गेले आणि पाऊण तासात परत आले.

"एवढ्यात?" वहिनीने विचारलं.

"तिथून पुढं कुठं जायचं ते सुचेना," ते म्हणाले, आणि हात धुऊन दादाच्या उशाशी जाऊन उभे राहिले.