ट्रायलचा पडदा

टेलरमास्तरांची तीस वर्षं कोट शिवण्यात गेली, पण गिऱ्हाईक ट्रायलच्या पडद्याआड गेलं की अजूनही त्यांच्या छातीत धडधडायचं. त्या दिवशीही तेच झालं, तशी काजबटणं करत बसलेली बायको वैतागून उठली. तिने त्यांच्याच गळ्यातली टेप काढून त्यांच्या छातीभोवती गुंडाळली.

"श्वास सोडा. माप घेतेय."

हेच वाक्य मास्तरांनी हजारो गिऱ्हाइकांना ऐकवलेलं. सवयीने त्यांनी श्वास सोडला.

"अजून. सावकाश."

कानापर्यंत चढलेले खांदे खाली आले, धडधड ओसरली.

तेवढ्यात पडदा सरकला. उद्याचा नवरदेव छाती फुगवून, घामाघूम उभा. "मास्तर, बटण लागतच नाहीये हो!"

मास्तरांनी बायकोकडे बघायचं टाळलं. "कोट अगदी बरोबर आहे. तुम्ही आधी श्वास सोडा."