इस्त्री न बसणारी जर्सी

खडकीत आमच्या कॉलेजच्या मागे त्यांची इस्त्रीची टपरी होती. नाव कधी विचारलं नाही. सगळे काकाच म्हणायचे. बास्केटबॉलच्या प्रत्येक मॅचआधी टीमच्या जर्सी त्यांच्याकडे जायच्या, कारण चुरगळलेल्या जर्सीत कोर्टवर उतरायचं नाही, असा आमचा नियमच होता.

काका फार बोलत नसत. कोणी घाई केली, तर इस्त्रीवरची नजर न काढता म्हणायचे, "अहो, एवढी घाई असेल तर उघडे खेळा."

सीझनच्या पहिल्या मॅचला कॅप्टनची जर्सी चुरगळलेलीच परत आली. विचारलं, तर म्हणाले, "हिला इस्त्री बसत नाही." वेळ नव्हता, म्हणून नियम मोडून कॅप्टन तीच घालून उतरला, आणि त्या मॅचमध्ये त्याचा गुडघा गेला. पुढे एकदा आमच्यातल्या सगळ्यांत उंच गड्याची जर्सी तशीच आली. त्या दिवशी पडून त्याचं मनगट मोडलं. कापड तर सगळ्यांचं एकच होतं. त्यानंतर जर्सींचा गठ्ठा सोडला की जो तो आधी आपली जर्सी शोधायचा. आपली कडक निघाली की मला हायसं वाटायचं.

फायनल सोलापूरला होती. सकाळी मी टपरीवर गेलो, तेव्हा काका इस्त्री बाजूला ठेवून बसले होते. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. समोर सगळ्याच्या सगळ्या जर्सी चुरगळलेल्या पडल्या होत्या.

"पहाटेपासून फिरवतोय, एकीलाही बसत नाही," ते म्हणाले. "जाणार कसे आहात?"

मागे, कॉलेजच्या गेटपाशी, आमच्या बसने हॉर्न दिला.