वकीलबाईंचे माहेर

पनवेलजवळ जमीन घेऊ पाहणाऱ्या माणसाने कागदांची पिशवी टेबलावर ठेवली, की ती उघडण्याआधी माझी बायको विचारायची, "विकणाऱ्याला बहिणी किती?" सगळे तिला वकीलबाई म्हणत. मीही थट्टेने म्हणू लागलो आणि तेच तोंडात बसले.

एकदा मुंबईचे एक गृहस्थ वैतागले. "बाई, मी जमीन घेतोय, सोयरीक जुळवत नाही!"

"सोयरीकच ही. मुलीकडच्यांचा होकार नसेल तर जन्मभर कोर्टात नांदाल."

इकडे बाप गेला की सातबाऱ्यावर भावांची नावे पुढे येतात आणि बहिणी साडीचोळीवर हक्क सोडतात. सही नाकारली तर माहेर तुटते, हे प्रत्येकीला ठाऊक असते. वकीलबाई म्हणायची, "वाटा कायद्यात आहे. माहेर कुठल्या कलमात शोधू?"

मग तोच प्रश्न तिच्या दारी आला. आपटा गावी पाताळगंगेकाठी तिच्या वडिलांचे शेत होते. धाकट्या भावाला गिऱ्हाईक मिळाले. तो वालाच्या शेंगा आणि हक्कसोडपत्र घेऊन आला.

"ताई, शेट थांबलाय. तुझी सही झाली का झाला."

"मी नाही करणार."

"तुला काय कमी हाय? पोर ना बाळ, कोनासाठी ठेवतेस?"

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. तिचा आवाज मात्र चढला नाही. "मूल नसलेल्या बाईला बापाकडून आलेली जमीन नवऱ्याकडे जात नाही, बापाच्या वारसांकडे परत जाते. मृत्युपत्र मी करणार नाही. माझ्यामागे ती तुझीच. मी आहे तोवर मला तिथे उभी राहू दे."

तो चहा न घेता गेला. त्यानंतर भाऊबीजेला ती ताट तयार ठेवी. तो येत नसे. कधी ती एकटीच एसटीने आपट्याला जाई, शेताच्या बांधावर उभी राही आणि चपलांना चिखल घेऊन परते.

"घरी गेलीस?" मी विचारी.

"कोणी बोलावलं नाही."

गेल्या थंडीत ती गेली. दिवसकार्य झाल्यावर भाऊ आला. खिशातून पेन काढून माझ्या हातात देत म्हणाला, "भावोजी, आता तुमची सही लागल."

मी त्याला तिचेच शब्द सांगितले. माझ्या सहीची गरजच नव्हती. तो म्हणाला, "मला वाटला, तवा ती वकिली करतेय. बांधावर दिसायची ती. मी हाक नाय मारली."

मी त्याचे पेन परत दिले. खरे तर कागद असता तर बरे झाले असते. तिच्या नावाशेजारी एकदा माझे नाव लिहिता आले असते. पण त्या जमिनीत माझे काही नव्हते. कायद्याप्रमाणे ती माहेरी परत गेली आणि मी इथे पनवेलला राहिलो.