काशीत घंटेवर शिकवलेलं पिल्लू

मंडळी, आज सकाळी पूजा आटोपून मी नैवेद्याची घंटा वाजवली, आणि आमचं पिल्लू, गुंड्या, आलंच नाही. दार उघडं होतं.

घरात आल्यापासून मी त्याला एकच शिकवलं होतं. घंटा वाजली की यायचं, दूधपोळी मिळते. हाक त्याला कळत नव्हती, घंटा लगेच कळली. मला त्याचं मोठं कौतुक!

"काशीत कुत्र्याला घंटेवर शिकवणारे तुम्हीच!" बायको रडवेली होऊन म्हणाली. "आता कुठल्या देवळात शोधायचं त्याला?"

प्रत्येक देवळात डोकावत मी पंचगंगा घाटापर्यंत उतरलो. ओळखीचा नावाडी हसला, "गुरुजी, आपका चेला उधर आरती में बैठा है!"

खरंच, एका छोट्या देवळाच्या पायरीवर गुंड्या पुजाऱ्याच्या हाताकडे बघत बसला होता. त्याला उचलून छातीशी धरलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

तुम्ही पिल्लांना कसं शिकवता?

मी देवाची घंटा देवालाच ठेवली. संध्याकाळी ती वाजवली, पण गुंड्याला काही दिलं नाही. मग "गुंड्या, ये रे बाळा" अशी हाक मारली. या गल्लीत मराठीत हाक मारणारं दुसरं कोणी नाही. दोनतीन हाकांनी तो आला, तेव्हाच दूधपोळी पुढे ठेवली.