कमलताईंचा उलटा हात

कमलताई आहेर यांनी मला मदत केली. नाव आधी सांगून ठेवते. नाहीतर काय झालं ते सांगायला बसलं की मिक्सरच पुढे येतो आणि माणूस मागे राहतं.

कमलताई कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायच्या. म्हणजे तळहात नाही, बोटांची मागची बाजू. लोखंडी कपाट, इस्त्री, नळ, कुणाच्या फाटकाची कडी, सगळ्याला आधी तसा ओझरता स्पर्श करायचा आणि मगच हात घालायचा. तेव्हा डावा हात कमरेमागे पदरात खोचलेला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाईंना सोवळ्याचं वेड असेल. नंतर त्यांनीच सांगितलं, "करंट असला ना पोरी, की मूठ आवळते. तळहात लावलास तर वस्तू धरूनच बसशील. उलटा लावलास तर हात आपसूक मागं येतो. माणसांनाबी असंच चाचपायचं असतं, पण ते मला लय उशिरा कळलं."

त्या देवळ्याकडच्या. नाशिकच्या सातपूर भागातल्या एका कारखान्यात मोटारीच्या कॉइल गुंडाळायच्या विभागात होत्या. काचेच्या बांगड्या फक्त डाव्या हातात, उजवा हात कामाचा म्हणून मोकळा. चष्म्याची तुटलेली दांडी तांब्याच्या बारीक तारेने बांधलेली. पर्समध्ये कंगवा आणि टेस्टर शेजारी शेजारी असायचे, आणि टेस्टरच्या मुठीने त्या खुशाल पाठ खाजवायच्या. एकट्या राहायच्या. "मला दोन गोष्टी जमत नाय," असं स्वतःच सांगायच्या, "भाकरी थापणं आन् गप बसणं." म्हणून त्यांचा डबा निकमकाकूंच्या खानावळीतून जायचा, आणि त्या खानावळीत मी होते.

मी पुसदकडच्या खेड्यातली. वडील अंथरुणाला खिळले आणि नववीत माझी शाळा सुटली. चुलतभाऊ नाशकात कंपनीत होता. त्याच्या ओळखीने काकूंकडे स्वयंपाकाच्या हाताखाली लागले. राहायला मागची खोली, जेवण तिथंच, पगार घरी जायचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गावापासून इतकी लांब मी कधी आले नव्हते. एसटीतून उतरले तेव्हा पिशवी छातीशी धरली होती, ती पुढे कित्येक दिवस मनाने तशीच धरलेली होती. कुकरची शिट्टी झाली की दचकायची. कुणी मोठ्याने हाक मारली की आधी "माझं काय चुकलं?" असंच डोक्यात यायचं.

काकू वाईट नव्हत्या. शिस्तीच्या होत्या. सकाळी चूल पेटायच्या आधी स्वयंपाकघराची फरशी धुऊन निघाली पाहिजे, चपला उंबऱ्याबाहेर, आणि ओल्या फरशीवरच कामाला सुरुवात. काळ्या रश्श्यासाठी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण सगळ्यात आधी. त्यासाठी एक जुना, लोखंडी अंगाचा मिक्सर होता. पांढरा रंग जागोजागी उडालेला, पण ताकद बैलासारखी.

त्या मिक्सरने मला चावायला सुरुवात केली. आधी नुसत्या मुंग्या, बोटांपासून कोपरापर्यंत. मग एका सकाळी असा झटका बसला की झाकण उडालं आणि काळं वाटण भिंतीवर. काकू धावत आल्या. मी सांगितलं. त्यांनी मिक्सरला हात लावण्याआधी भिंतीकडे पाहिलं.

संध्याकाळी त्यांचे दीर आले. त्यांना सगळे भाऊजी म्हणत. त्यांनी पायमोजे घातलेल्या पायांनी कोरड्या फरशीवर उभं राहून मिक्सरच्या पाठीवर थोपटलं, म्हशीला थोपटावं तसं. "काही नाही याला. पोरगी घाबरट आहे, वहिनी."

काकू म्हणाल्या, "अगं, तू परवा पाल पडली तर भांडं टाकलंस. मिक्सर काय खाणार आहे तुला? आधीचीही अशीच. आज हात दुखतो, उद्या खांदा दुखतो, आणि एक दिवस निघून गेली. मला रोज इतके डबे भरायचेत. जमत नसेल तर तसं सांग, तुझ्या दादाला सांगते गाडीत बसवून द्यायला."

मला जमत होतं. पोळ्या जमत होत्या, भाजी जमत होती. घरी परत जाणं जमणार नव्हतं. माझ्या पगारावर वडिलांची औषधं येत होती, आणि आईने निरोप धाडला होता की तू आहेस म्हणून निभतंय. आणि खरं सांगायचं तर एव्हाना मलाच वाटायला लागलं होतं की हे सगळं माझ्या मनाचंच असेल. भित्र्या माणसाचं हे असं होतं. शंभर खोट्या भीती त्याला माहीत असतात, मग खरी आली तरी तिला ओळख देता येत नाही.

एकदा सकाळी कमलताई डबा न्यायला स्वयंपाकघराच्या दारात आल्या, तेव्हा मी लाटण्याच्या टोकाने मिक्सरचं बटण दाबत होते. दुसऱ्या हाताला कोरडा पंचा गुंडाळलेला. कुणीही हसलं असतं. त्या हसल्या नाहीत.

"कुठं लागतो?" त्यांनी विचारलं.

"नाही, म्हणजे मीच जरा घाबरते, मला..."

"ते नाय विचारलं. कोण घाबरलंय ते नको सांगू. कुठं लागतो ते सांग. बाजूला का वरती? लगेच का थोड्या वेळानं?"

असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, वाटण अर्धं होत आलं की लागतो. जारला नाही, खालच्या अंगाला लागतो. सकाळी लागतो, संध्याकाळी दाण्याच्या कोरड्या कुटाला लागत नाही. सांगता सांगता माझा आवाज सरळ झाला. माझ्याजवळ इतकी माहिती आहे हे मलाच नवीन होतं.

रविवारी डबे बंद असायचे. कमलताई मिक्सर उचलून आपल्या खोलीवर घेऊन गेल्या. सोमवारचं वाटण मी पाट्यावर काढलं. संध्याकाळी त्यांनी तो परत आणून ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मशीन चांगलं हाय. मी उघडून बघितलं, चालवून बघितलं, टेस्टर लावला. कायबी नाय."

काकू फक्त "बघ" म्हणाल्या. जोरात नव्हे, जरा थकल्यासारख्या. "उद्या दादाला बोलावते," असंही म्हणाल्या. मी मागच्या खोलीत जाऊन पिशवीत कपडे भरले. फार नव्हतेच. रडूही आलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस भेटलं होतं, आणि त्यानेही तपासून सांगितलं होतं की मी खोटी आहे.

मंगळवारी फरशी धुऊन होते तोच कमलताई दारात. कामावर जायच्या साडीत, केस ओले, पर्स काखेत.

"काल घरी जाऊन डबा उघडला," त्या काकूंना म्हणाल्या, "पण घास उतरला नाय. मी मशीन तपासलं, हिला नाय तपासलं. पोरी, तू रोज करतेस तस्सं कर. कायबी बदलू नको. थांब म्हटलं की थांब."

मी कांदा-खोबरं जारमध्ये घातलं, पाणी घातलं, जार बसवला. पंचा हाताला गुंडाळून बटण दाबलं. कमलताई वाकून जारच्या बुडाकडे बघत होत्या. तिथून पाण्याचा एक ओघळ हळूच मिक्सरच्या मानेवर उतरला आणि आत गेला.

"थांब!" त्या म्हणाल्या. "पाटावर चढ. हात लावू नको."

चालू मिक्सर तसाच घरघरत राहिला. मग त्यांनी चपला काढून उंबऱ्याबाहेर सारल्या आणि अनवाणी त्या ओल्या फरशीवर, माझ्या जागी, येऊन उभ्या राहिल्या. डावा हात कमरेमागे. टेस्टर लावला, तर आतला दिवा मिणमिणला.

"तो काय, कशालाही पेटतो," काकू म्हणाल्या.

कमलताईंनी काकूंकडे एकदा बघितलं, टेस्टर खाली ठेवला आणि मिक्सरला उलटा हात लावला. कुणी करू नये असंच ते होतं, नंतर त्यांनीच मला तसं बजावलं. हात असा मागे फेकला गेला की मांडणीवरच्या वाट्या खणखणत खाली. आणि बाई आनंदाने ओरडल्या. आनंद किंवा राग अनावर झाला की त्या आपल्या माहेरच्या बोलीत शिरायच्या.

"शे! करंट शे! पोर खरं सांगी ऱ्हायनी!"

आहे, करंट आहे, पोरगी खरं सांगतेय. मला त्यांची बोली येत नव्हती, तरी हे वाक्य मला पहिल्या झटक्यात कळलं.

मग त्यांनी वायर भिंतीतून उपटली, मिक्सर उलटा केला आणि काकूंना जवळ बोलावलं. जारच्या बुडाचा रबरी वायसर झिजलेला, तिथून पाणी खाली मोटारीवर. मोटारीत कार्बनची काळी भुकटी साठलेली. कोरडी असली तर ती गप्प बसते, ओली झाली की तिच्यातून करंट बाहेरच्या लोखंडापर्यंत येतो. त्यांच्या खोलीवर नेईपर्यंत सगळं वाळून गेलं होतं. मग त्यांनी प्लग उघडला. आत हिरवी वायर कापून मागे दुमडलेली.

"ही कुणी कापली?"

"भाऊजींनी," काकू म्हणाल्या. "आपल्या बोर्डाला दोनच भोकं ना. म्हणाले, दोनवर चालतंय की, तिसरी शोभेची असते."

"दोन चालवायला असतात, ताई. तिसरी वाचवायला."

एवढं बोलून त्या थांबल्या असत्या तरी माझं काम झालं होतं. पण त्या पुढे बोलल्या, आणि खरं तर त्यासाठीच मी हे लिहितेय. "चूक माझी हाय. मी चपला घालून, लाकडी टेबलावर, कोरडं मशीन बघितलं. आन् ह्या पोरीला खोटं पाडलं. हिची जागा वेगळी, हिचे पाय वेगळे, ते मी धरलंच नाय." आणि माझ्याकडे वळून, "राग धरू नको."

माझ्यावर राग धरू नको असं कुणी मोठं माणूस म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी खाली पडलेल्या वाट्या गोळा करत बसले.

काकूंनी ती कापलेली वायर बोटात धरून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आधीची मुलगी... तिचा हात..." त्या दिवशीचं वाटणही पाट्यावरच झालं आणि डबे उशिरा गेले. आठवड्याच्या आत तीन भोकांचा बोर्ड बसला, अर्थिंगची तार अंगणात जमिनीत गेली, कमलताईंनी मोटार साफ करून वायसर बदलला. पहिल्या दिवशी काकूंनी मला बाजूला केलं आणि स्वतः अनवाणी उभं राहून वाटण काढलं. मागच्या खोलीत जाऊन मी पिशवी रिकामी केली.

त्यानंतर कमलताई डबा न्यायला आल्या की जरा टेकायच्या. मी त्यांना भाकरी शिकवायचा प्रयत्न केला. तवा तापलाय का ते बघायलाही त्यांचा हात उलटाच. भाकरीचा नकाशा व्हायचा. "सोड," म्हणायच्या, "ह्याच्यात अर्थिंग कुठं द्यायचं तेच मला कळत नाय." एकदा मी तापाने पडले होते, तर कपाळाला उलटा हात लावून म्हणाल्या, "करंट नाय, ताप हाय," आणि संध्याकाळपर्यंत उशाशी बसून राहिल्या. बडबड मात्र थांबली नाही. कोण सुपरवायझर कसा चोरटा, कुणाची सून कशी, सगळं ऐकावं लागलं. ताप त्या कंटाळ्यानेच उतरला असावा.

मी आजही घाबरट आहेच. ते काही गेलं नाही. पण भीती वाटली की मी आता स्वतःला त्यांचेच प्रश्न विचारते. कुठं? कधी? त्या वेळी पायाखाली काय होतं? बहुतेक वेळा उत्तर येत नाही, मग मी तिला सोडून देते. कधी कधी उत्तर येतं, मग मी कुणाचंच ऐकत नाही. पुढे काकूंचे गुडघे गेले आणि डब्यांचं सगळं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. आता माझ्या हाताखाली बायका आहेत. त्यांच्यापैकी कुणी काही दुखतंय, लागतंय म्हणाली की मी आधी तिच्या जागी जाऊन उभी राहते.

कमलताईंचा विभाग बंद झाला आणि त्या देवळ्याला भावाकडे निघाल्या. स्टँडवर मी म्हटलं, आठवण म्हणून तो टेस्टर द्या. "वा गं वा," त्या म्हणाल्या, "मग मी पाठ कशानं खाजवू?" गाडी सुटली तरी खिडकीतून हसतच होत्या.

परवा फोनवर बोलणं झालं. गावातल्या बायकांची उणीदुणी काढून झाल्यावर सहज म्हणाल्या, "हाताला मुंग्या येत्यात गं. दोन्ही. आता तर बंद मशीनबी मला करंट मारतं. भाचे म्हणत्यात, आत्या, वय झालं, मनाचे खेळ हायेत. तसंच असंल."

"तसंच असंल" हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या, तो आवाज मला ओळखीचा आहे. लाटण्याने बटण दाबणाऱ्या मुलीचा तो आवाज.

कमलताई, तुम्ही माझ्या जागी उभ्या राहिलात, त्याची फेड एका फेरीत व्हायची नाही, हे मला कळतं. पण मी येणार आहे. डब्यांची सोय लावली की देवळ्याची गाडी धरणार. तुमचे दोन्ही हात हातात घेऊन विचारणार, कुठं येतात, कधी येतात, कुठल्या बोटात आधी, तेव्हा तुम्ही काय करत होता. तुम्ही "मीच जरा..." म्हणायला लागलात की थांबवणार. आणि मग नाशकात आणून, नीट ऐकून घेणारा डॉक्टर सापडेपर्यंत दारोदार फिरणार. पहिल्याने "काही नाही" म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाणार, तुमच्यासारखी.