फेसबुकावरची आमची ही

आमच्या घरात गाडी मी चालवते. लग्नाआधी भावाच्या पिकअपवर शिकले. कापूस भरून जिनिंगपर्यंत नेऊन यायचे, तेव्हा कुणाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. नवऱ्याला गाडी येत नाही. एकदा ते शिकायला बसले होते. क्लच सोडला, गाडीनं आचका दिला, ते खाली उतरले ते पुन्हा त्या बाजूनं बसलेच नाहीत. माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती. माणूस भला. सोनपेठला खत-बियाणांचं दुकान, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की हातात मोबाइल.

त्या मोबाइलवरच त्यांचं विनोदी लेखन सुरू झालं. फेसबुकावर ते 'आमची ही' लिहायला लागले. त्यातली ही साडी निवडायला अर्धा दिवस घेते, मालिका बघून पदर ओला करते, पाल दिसली की पलंगावर चढते.

मी म्हटलं, "अहो, पालीला भिऊन पलंगावर तर तुम्ही चढता."

"पुरुष चढला तर कोण हसणार? थोडं फिरवून लिहावं लागतं," ते म्हणाले.

मग एक दिवस त्यांनी 'बायको आणि रिव्हर्स गिअर' लिहिलं. त्यात मी गाडी मागं घेताना शेजाऱ्याच्या म्हशीला धडकले, म्हैस दावं तोडून पळाली ती थेट गोदावरीत उतरली, गाडी खड्ड्यात गेली, मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडत बसले आणि शेवटी नवऱ्यानं एका झटक्यात गाडी खड्ड्यातून बाहेर काढली. लोक हसून बेजार झाले. भावकीच्या ग्रुपवर तर ते दोन-तीनदा फिरलं.

त्याच आठवड्यात बोरीला भावकीतलं लग्न होतं. एरवी चुलत सासरे आमच्याच गाडीत पुढं बसतात आणि अर्धा रस्ता घोरतात. या वेळी त्यांचा फोन आला, "सूनबाई, आमी यष्टीनंच येताव. उगं गाडीत गर्दी कशाला." गाडीत मी, नवरा आणि सासूबाई, असे तिघंच होतो.

फोन ठेवला तर सासूबाई जवळ आल्या. आवाज एकदम खाली. "म्हैस कुणाची होती गं? मला कुणी सांगितलंच न्हाई."

मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग थांबल्या. "आन् खड्ड्यातून गाडी कुणी काढली म्हणलीस?"

"तुमच्या लेकानं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि कुडत्याला इस्त्री करत बसलेल्या लेकाकडं बराच वेळ बघत राहिल्या.

बोरीला नवऱ्याला केवढा मान! पोरं सेल्फी काढायला लागली. मला मात्र एका अनोळखी बाईनं हात धरून समजावलं, "मनाला लावून घेऊ नका. आपल्या बायांना जमतच न्हाई ते गाडीचं." मी नुकतीच सोनपेठहून गाडी चालवत आले होते. म्हटलं, बरं.

पंगत बसली. तेवढ्यात गलका झाला. कुणाची तरी जीप मंडपाच्या तोंडाशी आडवी लागली होती आणि पाण्याच्या टँकरला आत येता येईना. जीपवाला किल्ली देऊन कुठंतरी निघून गेला होता. नवरीचे वडील ती किल्ली घेऊन थेट आमच्या पानापाशी आले. "दादा, तुमीच काढा. वाचलंय आमी सगळं."

नवऱ्यानं किल्ली घेतली आणि माझ्याकडं बघितलं. मी पानातल्या बुंदीकडं बघितलं.

"नाही, म्हणजे... आमची ही..."

"ती कशाला?" सासूबाई पंगतीतून मोठ्यानं म्हणाल्या. "म्हशीच्या टायमाला तूच काढलीस न्हवं? जा की बाबा."

गेले. जीपमध्ये बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग भर उन्हात वायपर सुरू झाले. मग हॉर्न वाजला. मग जीपनं एक उडी मारली आणि एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये जाऊन थांबली. खुर्च्या सावकाश, एकेक करत कोसळल्या. बँडवाले वाजवायचे थांबले. नशीब, जवळपास कुणी नव्हतं.

काच खाली झाली. "अगं, जरा येतीस का?"

मी हात धुतला, जीप मागं घेतली आणि लिंबाखाली लावली. टँकर आत आला. परत आले तोवर पानात गरम बुंदी पडली होती.

परतताना चुलत सासरे पुढच्या सीटवर येऊन बसले. "यष्टीला लय गर्दी असती," म्हणाले आणि झोपी गेले.

एवढ्यावर भागलं असतं. पण नवऱ्याला पश्चात्ताप झाला आणि त्यांनी 'माझी रणरागिणी' लिहिलं. त्यात मी पैठणी खोचून, ब्रेक निकामी झालेली जीप उतारावर एका हातानं अडवली आणि पंगतीतली लेकरं वाचवली. माझी साडी साधी होती, जमीन सपाट होती, आणि लेकरं आइस्क्रीमपाशी होती. दुसऱ्या दिवशी दोन माणसं दारात उभी. उसाची ट्रॉली चिखलात रुतली होती. "वहिनी, तुमीच काढू शकताव म्हणायलेत सगळे." मला ट्रॉली येत नाही म्हटल्यावर ते इतके हिरमुसले की मी त्यांना चहा पाजला.

त्या दिवशी मात्र मी चिडले. "परवापर्यंत मला काहीच येत नव्हतं, आता सगळंच येतं. जेवढं येतं तेवढं लिहा की!"

"तेवढं कोण वाचणार?"

"तरी लिहा."

त्यांनी लिहिलं. 'माझी बायको गाडी चांगली चालवते. मला येत नाही. बोरीला खुर्च्यांवर जीप मी घातली.' फार कुणी वाचलं नाही. एकानं खाली विचारलं, "दादा, फोन चोरीला गेला का?"

पण वालूरहून धाकट्या नणंदेचा फोन आला. जरा चाचरतच बोलली. "वहिनी, साध्या बाईला बी जमतं का मग ते? मला शिकवशील?"

दिवाळीला ती माहेरी आली, तेव्हा गावाबाहेरच्या मैदानात मी तिला स्टेअरिंगवर बसवलं. गाडी चार वेळा बंद पडली, पाचव्यांदा निघाली. दुसऱ्या गिअरमध्ये तिनं मैदानाला पूर्ण वळसा घातला. सासूबाई हट्टानं मागच्या सीटवर बसल्या होत्या, पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरून. गाडी थांबली तरी त्या उतरेनात.

"अजून एक चक्कर मार," म्हणाल्या, "आन् जरा जोरात."